सुजाताचे रक्त आणि आमची कपबशी

नूतनची मी जन्माची चाहती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे लिखाण तिच्या द्वेषापोटी झाले असे कोणी म्हणू नये.

साठच्या दशकात फोंडाघाटच्या आमच्या वाडीत सिनेमा दोन वाटांनी यायचा. एक तंबूतला. दुसरा, मुंबईच्या गिरणीत असलेला भाऊ मे महिन्यात गावी येताना ट्रंकेत घालून आणायचा ती सिनेमाची जुनी साप्ताहिके. साधना, वहिदा, आशा पारेख, मास्टर विनायकांची नंदा अशा साऱ्या जणी त्या ट्रंकेतून आमच्या घरी आल्या. साधनासारखी बट कपाळावर आणण्यासाठी आम्ही मुलींनी कातर चालवली आणि आयेचा मार खाल्ला. पण कुडावर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी जागा मिळाली ती एकट्या नूतनला. कारण तिने 'सुजाता' केली होती. हिंदी पडद्यावर कोणी नटी आमची मुलगी होऊन उभी राहते, याचेच आम्हाला केवढे अप्रूप!

बिमल रॉय यांचा 'सुजाता' १९५९ सालचा. आमच्याकडे तंबूत लागला तो काही वर्षांनी. सारा तंबू रडला. बाहेर पडल्यावर तीच रडलेली माणसे चहाच्या दुकानात शिरली. आमची कपबशी बाहेर वळचणीला पालथी ठेवलेली होती. भावाने ती उचलली, धुतली, चहा घेतला आणि पुन्हा धुऊन पालथी घातली. अस्पृश्यता हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ सालीच झाला होता.

ही माणसे ढोंगी होती असे म्हणून मी मोकळी होणार नाही. त्यांचे अश्रू खरे होते. माझा प्रश्न चित्रपटाला आहे. ती कपबशी हलावी असे या चित्रपटाने त्यांच्याकडे मागितले तरी काय?

अस्पृश्य मजुराची ही मुलगी. आईबाप पटकीने जातात आणि इंजिनियर उपेंद्रनाथांच्या घरी ती वाढते. घरची रमा कॉलेजात जाते. सुजाता घरकाम सांभाळते. तिची ओळख करून देताना 'मुलगी' नव्हे, 'मुलीसारखी' असे सांगितले जाते. आमच्या आजीने तंबूतच मला कोपराने ढोसून विचारले होते, "गो, ह्या चेडू पाणी खंयच्या बावीर भरता?" त्या वेळी मला हसू आले. आज वाटते, या चित्रपटावरची सर्वांत नेमकी समीक्षा तीच होती. सुजाताला विहीर नाही, वाडी नाही, जातभाई नाहीत. पटकीने पहिल्याच फटक्यात तिचा समाज पुसून टाकला आहे. दलितांवाचूनची एकटी दलित मुलगी, तीही सोशिक आणि निर्दोष! अशा मुलीची कणव यायला काहीच सोडावे लागत नाही.

शेवटी घरची आई जिन्यावरून पडते, तिला रक्त लागते आणि जुळते ते सुजाताचेच. ते दिल्यावर 'मुलीसारखी'तला 'सारखी' गळून पडतो. रक्त द्यायला माझी हरकत नाही. पण बाटली भरल्यावरच माणूस ठरायचे, ही अट कोणाची? १९३६ च्या 'अछूत कन्या'मध्ये देविका राणीच्या कस्तुरीला आगगाडीखाली मरावे लागले. त्याच साली बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाचा ग्रंथ छापला होता. तेवीस वर्षांनी सुजाताला जगू दिले, एवढीच प्रगती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी धर्मांतर केले. तीन वर्षांनंतरच्या या चित्रपटात गांधीजींचा पुतळा आहे, रवींद्रनाथांची 'चंडालिका' आहे, बाबासाहेब नाहीत.

आता नटीविषयी. टेलिफोनवरच्या त्या गाण्यात नायक गातो आणि नूतन नुसती ऐकते. तोंडातून एक शब्द नाही, पण ऐकता ऐकता एक आयुष्य तिच्या चेहऱ्यावरून सरकते. त्या वर्षीचे फिल्मफेअर पारितोषिक तिला मिळाले, ते योग्यच होते. पण जे मौन नटीचे सामर्थ्य, तेच भूमिकेचे बंधन. आमच्या पिढीने त्याच दशकात तोंड उघडले. पडद्यावरच्या आमच्या मुलीने मात्र नाही. आणखी एक गंमत पाहा. बंगाली घरातल्या या कथेत नूतन, सुलोचना, शशिकला आणि ललिता पवार या चौघीही मराठी. अस्पृश्य मुलगी, पालक आई, बहीण आणि सोवळी आत्या, साऱ्या भूमिका आमच्याच भाषेच्या बायकांनी केल्या. आमच्या वाडीतली एकही त्यांत नव्हती. उलट्या दिशेने कोणी गेले तर काय होते? पहिल्या मल्याळम मूकपटात पी. के. रोझी या दलित स्त्रीने नायर स्त्रीची भूमिका केली; तिला गाव सोडून पळावे लागले. सवर्ण नटीने दलित झाल्याचे पारितोषिक मिळते. दलित स्त्रीने सवर्ण झाल्याची शिक्षा.

त्या चौघींपैकी आज कोणी नाही. नूतन १९९१ ला गेली, ललिता पवार १९९८ ला, शशिकला २०२१ ला, सुलोचनाबाई २०२३ ला. प्रत्येकीच्या बातमीने मला घरचे माणूस गेल्यासारखे झाले.

माझ्या मुलीचे नाव सुजाता. "नूतनच्या सिनेमावरून का?" असे लोक विचारतात. नाही. उरुवेलेच्या सुजाताने तपाने खंगलेल्या सिद्धार्थाला खीर दिली, तिच्यावरून. तिनेही दिलेच, पण त्या देण्यावर तिचे माणूसपण कोणी तोलले नाही. परवा लेकीबरोबर तो चित्रपट पुन्हा पाहिला. रक्त देण्याच्या प्रसंगाला ती म्हणाली, "आई, ही आधी काही विचारत का नाही?"

मी उत्तर दिले नाही. शेवट येईपर्यंत माझे डोळे मात्र नेहमीसारखे भरून आले होते.