हिस्लॉपचीं गोंडी टिपणें : एक परीक्षण

गोंडवनाच्या इतिहासाचीं साधनें धुंडाळणाऱ्यास एक पुस्तक टाळून पुढें जातां येत नाहीं. मध्यप्रांतांतील आदिम जमातींविषयीं रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनीं लिहून ठेविलेलीं टिपणें त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ सालीं रिचर्ड टेंपल यांनीं संपादून प्रसिद्ध केलीं, तेंच हें पुस्तक. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नांवें आहेत. एक फ्री चर्चच्या धर्मोपदेशकाचें, दुसरें प्रांताच्या चीफ कमिशनरचें. ज्याच्या तोंडून पुस्तकांतील मुख्य गीत उतरून घेतलें त्या परधानाचें नांव तेथें नाहीं. साधन म्हणून हें पुस्तक कितपत विश्वसनीय आहे, हें ठरवितांना आम्ही या तिघांचाहि विचार करणें अवश्य समजतों.

हिस्लॉप ज्या पंथाचे होते त्याचा जन्मच धर्म आणि राज्य यांच्या भांडणांतून झाला. स्कॉटलंडांत गांवचा धर्मोपदेशक नेमण्याचा हक्क जमीनदार आश्रयदात्याकडे असे व कायदा त्याची पाठ राखीत असे. तो हक्क अमान्य करून १८४३ सालीं शेंकडों धर्मोपदेशक आपलें उत्पन्न व राहतीं घरें सोडून बाहेर पडले आणि लोकांच्या वर्गणीवर त्यांनीं फ्री चर्च उभारिलें. त्या पंथातर्फे हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले. त्या वेळीं तेथें भोंसल्यांचें राज्य होतें. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी वारले व पुढील वर्षीं कंपनीनें तें राज्य खालसा केलें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला आणि त्याचा कारभार थोडक्याच काळांत टेंपल यांच्याकडे आला. उभयतांचा स्नेह होता. ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील प्राचीन अवशेष पाहून परततांना बोरीजवळच्या पुरांत हिस्लॉप बुडाले, तेव्हां टेंपलहि त्याच भागांत मुक्कामास होते. राजसत्तेचा हात धर्मावर नको म्हणून जो पंथ निघाला, त्याच्या उपदेशकाचीं टिपणें राजसत्तेच्याच हातून छापलीं गेलीं. यावरून हिस्लॉपांस कोणी दोष देईल तर तो अन्याय होईल. टेंपल यांनीं मनावर घेतलें नसतें तर हे कागद कोणत्या पेटींत कुजले असते, हें जुन्या दप्तरांशीं झगडणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आतां मुख्य गीताकडे वळूं. सृष्टीची उत्पत्ति व गोंडांचा बंदिवास, लिंगोचा जन्म व मृत्यु, त्याचें पुनरुज्जीवन व गोंडांची सुटका, कुळांची विभागणी व देवपूजा आणि शेवटीं विवाहविधि, असे त्याचे पांच भाग आहेत. मारला गेलेला व पुन्हां उठलेला तारक मिशनऱ्याच्या कागदांत आढळला म्हणजे संशय येणें स्वाभाविक आहे. पुढें फॉर्सिथ यांनीं १८७१ सालीं आपल्या ग्रंथांत याच गीताचें इंग्रजी पद्यरूप देतांना लिंगोस ‘संत’ ही ख्रिस्ती पदवीहि बहाल केली. परंतु मूळ कथा लक्षपूर्वक वाचली असतां हा संशय टिकत नाहीं. लिंगोस मारितात ते त्याचेच गोंड भाऊ, आणि तेंहि रिकाड गवाडीच्या सात मुलींनीं केलेल्या खोट्या आरोपावरून. त्याचा शोध कावळा घेतो, व तो जिवंत होतो अमृत शिंपडल्यानें. यांत बायबलचें कांहीं नाहीं. पुराणांचा संस्कार मात्र पुष्कळ आहे. महादेव व पार्वती हीं दोघेंहि गीतांत वावरतात. गोंड हिंदूंहून निराळे, हें दाखविणें मिशनऱ्यास सोयीचें होतें. असें असूनहि हीं नांवें त्यांनीं गाळलीं नाहींत, हाच त्यांच्या प्रामाणिकपणाचा आम्हांस सर्वांत बळकट पुरावा वाटतो. गोंडांस गुहेंत कोंडणारा महादेवच आहे, हें मात्र त्यांच्या पथ्यावर पडलें असेल. पण तें त्यांनीं रचलें असें म्हणण्यास आधार नाहीं.

आमचा आक्षेप निराळ्या ठिकाणीं आहे. गीतांतील गोंड अंजनाचीं झाडें तोडून रान मोकळें करितात व भात पेरितात. तें नीलगाई फस्त करितात, तेव्हां शिकार होते व पुढें अग्नि मिळविण्याची खटपट सुरू होते. म्हणजे रान तोडून शेत करणें ही या समाजाच्या स्मृतींतील आद्य कृति आहे. हें गीत छापून निघालें त्याच सुमारास मालगुजारांस गांवांची मालकी दिली जात होती, १८६५ सालीं हिंदुस्थानचा पहिला जंगल कायदा झाला होता आणि बेवर शेतीवर बंधनें येऊं लागलीं होतीं. संपादक हेच प्रांताचे मुख्य कारभारी. ज्या रानाचें गीत आपण छापीत आहों त्याच रानाचा हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यांस टाळतां येण्याजोगा नव्हता. धर्माचे कागद राज्याकडे गेल्यावर श्रद्धेचा भाग कुतूहलाचा विषय होऊन उरला आणि पोटाचा भाग महसुलाच्या दप्तरांत गेला. या फाळणीमुळें आजवरचा अभ्यास लंगडा राहिला आहे. नागपूरचे बिशप चॅटरटन यांनीं १९१६ सालीं लिहिलेली गोंडवनाची कथा वाचनीय आहे, पण तींतहि हा सांधा जुळविलेला आम्हांस दिसत नाहीं.

तो जुळविण्याची जागा पुस्तकांत नसून गोंदिया जिल्ह्यांत आहे, असें आमचें मत आहे. या जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांतील कचारगडची गुहा हीच गीतांतील काचीकोपा लोहागड, अशी गोंडांची श्रद्धा असून माघी पौर्णिमेस तेथें मोठा समुदाय जमतो. त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेस, अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, इटियाडोह आहे. तेथें गाढवी नदीवर १९७० च्या सुमारास बांधलेल्या धरणाच्या पाण्यावर आज भात पिकतो. परंतु पाणी अडवून भात पिकविण्याची विद्या या भागांत फार जुनी आहे. नवेगांवचा तलाव कोलू पाटील कोहळी याच्या नांवें सांगतात, आणि गोंड राजांच्या आश्रयानें कोहळ्यांनीं बांधलेले तलाव चांदा-भंडारा पट्ट्यांत ठिकठिकाणीं आहेत. रान तोडणारा लिंगो आणि तळें बांधणारा कोहळी, या दोन स्मृति एकाच भूमीच्या आहेत. केवळ हिस्लॉपांच्या आधारें गोंडवनाचें चित्र रेखाटणाऱ्यास पहिलीच दिसेल.

छापील प्रतींत गोंडी शब्द रोमन लिपींत असून त्यांखालीं इंग्रजी अर्थ दिले आहेत. गोंडींतील र-ड, त-ट हे भेद त्या लिपींत नीट उमटत नाहींत, म्हणून कित्येक विशेषनामांचा उच्चार आज तर्कानेंच करावा लागतो. यास्तव प्रथम हा पाठ नागरींत उतरावा, मग कचारगडास येणाऱ्या परधानांकडून व भुमकांकडून आज गाइले जाणारे पाठ घेऊन त्याच्याशीं कडव्यागणिक ताडून पाहावे, आणि प्रत्येक पाठापुढें गाणाऱ्याचें गांव व, त्याची संमति असल्यास, त्याचें नांवहि लिहावें. तलावांच्या हक्कांविषयीं जुन्या मालगुजार व कोहळी घराण्यांत कागद असल्यास तेहि याच कामीं पाहिले पाहिजेत. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते विकण्यापूर्वीं निदान नकल करूं द्यावी, एवढी आमची विनंति आहे.