पळसाला पाने तीन, पाटीला ओळी पाच

लाखनीच्या माणसानं झाडं बघायला मुंबईला जावं, म्हणजे मालवणच्या माणसानं मासळी बघायला नागपूरला येण्यासारखं आहे. आमचा मुलूखच मुळी झाडीपट्टी. आमच्या बोलीला झाडीबोली म्हणतात, नाटकाला झाडीपट्टीचं नाटक म्हणतात, आणि पाढे न येणाऱ्या पोराला मास्तर उभं करीत तेही झाडाखालीच. अशा मुलखात जन्म काढून, साठी ओलांडल्यावर, एका रविवारी सकाळी सात वाजता मी भायखळ्याला राणीच्या बागेच्या फाटकाशी गळ्यात पाण्याची बाटली अडकवून उभा होतो. मुलीनं परस्पर फोनवरून माझं आणि नातवाचं नाव 'झाडांच्या फेरी'त नोंदवलं होतं. बाग म्हणजे हिरवळीवर आडवं होऊन तोंडावर वर्तमानपत्र घ्यायची जागा, असा माझा तोवरचा समज. तिथं मार्गदर्शक लागतो हे मला ठाऊक नव्हतं.

पुढं मला या फेऱ्यांचं व्यसनच लागलं. ज्या गावी नातेवाईक, त्या गावची बाग. पाचसात फेऱ्या झाल्यावर आता परीक्षण लिहायला हरकत नाही असं वाटतं. नाटकाचं होतं, सिनेमाचं होतं, हल्ली हॉटेलातल्या मिसळीचंही होतं. हा तर उघडउघड एकपात्री प्रयोग आहे. नेपथ्य आयतं, नट एक, आणि प्रेक्षकांनी चालत राहायचं. फक्त एक अडचण. रात्रभर चालणारं नाटक बघायची आम्हां झाडीपट्टीवाल्यांना सवय असते, पण तिथं बसायला मिळतं.

या प्रयोगाचा सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे औषधी फेरी. एका शहरातल्या बागेत (शहर सांगत नाही, तिथं आमचे व्याही राहतात) मार्गदर्शक एका झाडाशी थांबले आणि म्हणाले, "याची साल मूळव्याधीवर." बस्स. पुढल्या दोन तासांत झाड असं कोणी बघितलंच नाही. दुसऱ्या झाडापाशी एका गृहस्थांनी मधुमेहाचं विचारलं, तिसऱ्यापाशी एका बाईंनी सासूबाईंच्या गुडघ्यांचं. पाचव्या झाडापर्यंत पंचवीस अनोळखी माणसांना एकमेकांचे आजार तोंडपाठ झाले होते. अर्जुनवृक्षाखाली तर दोघांनी रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं ताडून पाहिली. निघताना त्यातल्या एकाच्या खिशात मला सालीचा तुकडा दिसला. सालीची खाली पडलेली ढलपी असेल, असं मी समजून चाललो आहे. पण अशा फेऱ्या वाढल्या तर बागेतल्या झाडांची प्रकृती बिघडेल हे नक्की.

दुसरा प्रकार पाटीवाचकांचा. बागेतल्या झाडांवर पाट्या असतातच. पळसाला पानं तीन, पण पाटीला ओळी पाच: मराठी नाव, लॅटिन नाव, कुळ, मूळ देश आणि सौजन्य. पाचव्या ओळीतली अक्षरं सगळ्यांत मोठी, त्यामुळं लांबून ते झाड देणगीदाराचंच वाटतं. आता पाटी मलाही वाचता येते. तरी असा मार्गदर्शक आधी ती स्वतः वाचतो, मग आपल्याकडून म्हणून घेतो, आणि पुढच्या पाटीकडं निघतो. आपण झाडाकडं मान वर करून बघेपर्यंत मंडळी दोन पाट्या पुढं गेलेली असतात. नातवानं अशा फेऱ्यांसाठी एक वही केली आहे. तिच्यात चार रकाने आखले आहेत. सौजन्याचा रकाना त्यानं स्वतःच्या अकलेनं गाळला, याचा मला आजोबा म्हणून अभिमान आहे.

पण लॅटिन नावांना मी पूर्वी जितका हसत असे तितका आता हसत नाही. आमच्या पळसाचं नाव ब्युटिया. हे नाव म्हणे ब्युटचा अर्ल या स्कॉटिश उमरावावरून पडलं. हे गृहस्थ ब्रिटनचे पंतप्रधान होते. आता मार्चमध्ये लाखनीच्या आसपास जंगलाला आग लागल्यासारखा पळस फुलतो, आणि त्या फुलांच्या रंगात आमची पोरं एकमेकांना न्हाऊ घालीत आली, त्यात ब्युटच्या अर्लाचा काय संबंध? हा माझा राग. पण याच लॅटिननं आपट्याच्या बाबतीत मला गप्प केलं. आपटा, कांचन ही मंडळी बाउहिनिया. योहान आणि कास्पर बाउहिन या दोन भावांवरून लिनेअसनं हे नाव ठेवलं, कारण पान एकच पण त्याचे दोन भाग आणि देठ मात्र सामाईक. दोन भाऊ आणि वाटणी झालेली नाही, हे एवढ्याशा पानात बघणारा माणूस स्वीडनचा असला तरी आपलाच म्हणायचा. आणि आम्ही दसऱ्याला ते पान सोनं म्हणून वाटतो आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडं वाटणीच्या अर्जाला जातो.

राणीच्या बागेतला प्रयोग मात्र वेगळा होता. ही बाग १८६२ सालची. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण बसमध्ये तिकीट अजून राणीच्या बागेचंच मागतात. आमच्या मार्गदर्शक बाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. गोरखचिंचेपाशी आल्यावर त्या एकदम बोलायच्या थांबल्या. म्हणाल्या, "दोन मिनिटं नुसता हात लावून उभे राहा." पंचवीस माणसं आफ्रिकेहून आलेल्या त्या हत्तीएवढ्या बुंध्याला हात लावून गप्प उभी. मुंबईत दोन मिनिटं गप्प राहणं म्हणजे काय, हे लोकलनं जाणाऱ्यांना सांगायला नको. मग त्यांनी कैलासपती दाखवला. आपण ज्याच्या फुलात शंकराची पिंडी आणि वर नागाची फणी बघून हात जोडतो, ते झाड दक्षिण अमेरिकेतलं. एक आजोबा चांगलेच दुखावले. बाई शांतपणे म्हणाल्या, "देव तिकडंही असेल की." उर्वशीचं झाड त्यांनी ब्रह्मदेशातून आलेल्या माहेरवाशिणीची ओळख करून द्यावी तसं दाखवलं.

शेवटी त्यांनी सांगितलेली हकिगत मला सर्वांत महत्त्वाची वाटली. २००७ च्या सुमारास या बागेचं रूप पालटायची भलीमोठी योजना निघाली, तेव्हा काही बायका प्राण्यांच्या नव्हे, झाडांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. बागेत कोणतं झाड कुठं आहे, किती जुनं आहे, मुंबईत दुसरं कुठं आहे की नाही, हे त्या बोट ठेवून सांगू शकत होत्या. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला की ही नावांची घोकंपट्टी निव्वळ हौस नाही. नाव असलेलं झाड तोडायचं तर कोणालातरी त्या नावानं सही करावी लागते. निनावी झाड 'अडथळा' या सदरात जातं.

आता माझी तक्रार. इतक्या फेऱ्या केल्या, पण नसलेलं झाड मला एकाही मार्गदर्शकानं दाखवलं नाही. सगळे असलेल्या झाडांपाशी थांबतात. मधल्या मोकळ्या जागेतून भराभर पुढं जातात. वास्तविक गोष्ट तिथंच असते. कोलकात्याजवळ शिबपूरच्या १७८७ साली सुरू झालेल्या बागेतला थोरला वड बघा. चार एकरांहून अधिक पसरलेला, पण मूळ खोडच नाही. बुरशी लागली म्हणून १९२५ साली ते काढून टाकलं. कर्ता पुरुष गेला तरी पारंब्यांनी एकत्र कुटुंब चालवलं आहे. आणि लोक तिथं जाऊन नेमकं ते नसलेलं खोडच शोधतात!

योगायोग असा की भायखळ्याहून शिबपूरला सडकेनं जायचं म्हटलं तर वाटेत आमची लाखनी लागते. मुंबई-कलकत्ता रोड आमच्या गावातूनच गेला. पूर्वी तो गावातून रमतगमत जाई, आता उड्डाणपुलानं गावाच्या डोक्यावरून जातो. रस्ता रुंद झाला तेव्हा कडेची म्हातारी झाडं गेली. किती गेली आणि कोणकोणती, हे मला बोट ठेवून सांगता येत नाही. मी याच रस्त्यानं चाळीस वर्षं सायकल मारली. सावलीतून.

तर उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू वही घेऊन लाखनीला आला, तेव्हा मी मार्गदर्शक व्हायचं ठरवलं. आमच्या बसस्थानकाच्या आवारात ग्रीनफ्रेंड्स नेचर क्लबच्या मंडळींनी नेचर पार्क केलेलं आहे. एस.टी.ची वाट बघताना माणसानं झाडाखाली उभं राहावं ही कल्पनाच मला थोर वाटते. एस.टी. आमच्याकडं एवढा वेळ देते की अख्खं कुळ तोंडपाठ व्हावं. आम्हांला साकोलीला जायचं होतं. मी घसा साफ करून सुरुवात केली, तेवढ्यात एक गाडी लागली आणि कंडक्टरनं दारातून गावं पुकारायला घेतली. सावरी, पिंपळगाव, मोहघाटा, जांभळी! नातू माझ्याकडं बघतच राहिला. "आबा, ते झाडांचीच नावं वाचतायत!"

गावांची नावं कशावरून पडली याचा वाद विद्वानांनी घालावा. पण आयुष्यभर मी ही आरोळी ऐकली आणि तिच्यातलं सावरीचं, पिंपळाचं, मोहाचं आणि जांभळाचं झाड मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या परिसरात, व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात कान लावून जे ऐकलं, ते सगळं आमच्या पलीकडच्याच रानात. तो भाग १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता. आम्ही मात्र गाडी किती लेट आहे एवढंच ऐकत बसलो.

"मग सावरीला सावर कुठं आहे?" नातवानं वही उघडली.

मला माहीत नव्हतं. सावरी इथून हाकेच्या अंतरावर, तरी माहीत नव्हतं. बाकावर गाठोडं घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं मान वळवली.

"सावरीतली मले नाई मालूम जी," ती म्हणाली. "आमच्या बांधीच्या धुऱ्यावर होती एक. ह्या एवढी. सासूनं तिच्या कापसाची उशी भरली होती. अजून निजतो मी तिच्यावर."

"आणि झाड?"

"रस्त्यात गेला ना बाबू."

पोरगं थोडा वेळ रकान्यांकडं बघत राहिलं. मग त्यानं मराठी नाव लिहिलं, आणि मूळ देशाच्या रकान्यात लिहिलं: आजीची बांधी, आता उशीत. म्हातारीला ते वाचून दाखवल्यावर ती तोंडाला पदर लावून हसली. तिची गाडी लागली होती, मी गाठोडं वर चढवून दिलं. परत आलो तर नातू पेन्सिल चावत होता.

"आबा, एक रकाना राहिला. लॅटिन नाव?"

"बॉम्बॅक्स सैबा," मी ताबडतोब सांगितलं.