धुतलेलं मीठ

घरातल्या रोजच्या जगण्यावरचे लेख मला फार आवडतात. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात दिवाळी अंक हाती लागला की आधी तेच उघडते. फोडणीचा खमंग वास, जात्याची घरघर, आजीच्या लुगड्याचा मऊपणा... वाचताना बरं वाटतं. पण असे दहा लेख झाले की सगळ्या आज्या एकसारख्या वाटू लागतात. वास येतो, बाई दिसत नाही. असं का होतं?

याचं उत्तर मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त मिळालं. पहिला भाग १९३४ चा. त्यात सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांच्या, नानांच्या, सोवळ्याची हकिकत येते. सत्तावन्नच्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली आणि त्या धसक्याने नानांना सोवळ्याचं वेडच लागलं. बाजारातून घरात आलेली वस्तू धुवायची, अगदी मीठसुद्धा! आता मीठ धुतल्यावर उरणार काय? आपण हसतो. पण बायांनो, ते खारं पाणी कुणाच्या हातांवरून गेलं असेल? बोटाला चीर असली तर किती झोंबलं असेल? लक्ष्मीबाई चवीचं वर्णन करत बसत नाहीत. हुकूम कुणाचा आणि राबणं कुणाचं, एवढं सांगतात. खारटपणा मग आपल्याच जिभेवर येतो.

शिवाय त्या स्वतःलाही सोडत नाहीत. १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला, तेव्हा अंगात मुरलेलं सोवळंओवळं सोडताना त्यांची किती ओढाताण झाली, तेही त्या झाकून ठेवत नाहीत. तक्रार एकच. विनोदाच्या ओघात आईचं दुःख झरकन पुढे निघून जातं. तिथे त्यांनी जरा थांबायला हवं होतं, असं मला दर वेळी वाटतं.

हे वाचून झाल्यावर मी माझाच एक जुना लेख काढला. दिवस मावळायच्या आत जेवण्याच्या आपल्या नेमावर लिहिलेला. त्यात सांजेचा पिवळा उजेड होता, गरम भाकरीची वाफ होती, मुगाच्या आमटीचा वास होता. लोकांनी कौतुकही केलं होतं.

काय नव्हतं ते सांगते. नोव्हेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. माझं ऑफिस सुटायचं साडेपाचला. धापा टाकत घरी यायचं, पाणी गाळायचं, कुकर लावायचा. सासूबाईंची नजर खिडकीतल्या उजेडावर, माझे कान शिटीकडे. सगळ्यांची पानं वेळेत व्हायची. माझं पान वाढेपर्यंत कितीदा तरी अंधार पडायचा, मग मी तशीच झोपायची. नेम सगळ्यांचा, घाई एकटीची. पोटातली ती आग मी लेखात का नाही लिहिली? धर्माला बोल लागेल अशी भीती वाटली असेल. पण दोष नेमाचा नव्हताच. तो मला आजही प्रिय आहे. त्या वेळी कुणी नुसती कणीक मळून ठेवली असती तरी चाललं असतं.

तो लेख आता पुन्हा लिहायला घेतला आहे. तुम्हीही लिहीत असाल तर फोडणीचा वास जरूर येऊ द्या. फक्त चुलीपाशी कोण होतं आणि ती शेवटी जेवली का, तेवढं विसरू नका.