रानातील फुलपाखरे आणि छायाचित्रकाराची दृष्टी

छायाचित्रण ही कला की नुसती कारागिरी, हा वाद आता इतका शिळा झाला आहे की तो पुन्हा उकरून काढून वाचकांचा वेळ दवडणे बरे नव्हे. परंतु चांगले छायाचित्र कशास म्हणावे, हा प्रश्न त्या वादाबरोबर निकालात निघालेला नाही. गेल्या ज्येष्ठात नायगावी एका स्नेह्यांच्या घरी जो चित्रसंग्रह आम्हांस पाहावयास मिळाला, त्याने हा प्रश्न आमच्यापुरता तरी पुन्हा उभा केला, आणि पुढील चार विचार त्याच संग्रहाला धरून मांडावयाचे योजिले आहे.

नायगाव हे नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण अंगास काळ्या मातीच्या उघड्या मुलखात वसलेले आहे. बांधावरची बाभूळ आणि निंब सोडले तर दाट झाडी अशी येथे नाही. तेव्हा रानातील फुलपाखरे पाहावयाची तर गोदावरी ओलांडून उमरी, भोकर, हिमायतनगर या वाटेने थेट किनवटच्या सागवानी जंगलाकडे जावे लागते. आमचे स्नेही शिक्षक आहेत. सुटी मिळते ती उन्हाळ्याची. म्हणून ज्या दिवसांत शहाणी माणसे दारे-खिडक्या लावून माठाजवळ बसतात, त्या दिवसांत हे गृहस्थ कॅमेरा गळ्यात अडकवून पैनगंगेच्या काठी हिंडतात. अशी तीन उन्हाळ्यांची त्यांची कमाई म्हणजे हा संग्रह. चित्रे सुमारे पन्नास. मोठ्या आकारात छापून घेतलेली व जाड पुठ्ठ्यावर नीट चिकटवलेली.

प्रथम त्यांच्या हातोटीविषयी. फुलपाखरू जवळून टिपणे किती अवघड असते, याची कल्पना ज्याने तो खटाटोप केला नाही त्यास येणे कठीण. भिंग जितके जवळ न्यावे तितका स्पष्ट दिसणारा भाग निमुळता होत जातो, आणि शेवटी जेमतेम काही मिलिमीटरांची एक पट्टी तेवढी हाती उरते. पंखांची पातळी आणि कॅमेऱ्याची पातळी यांचा मेळ जरासा चुकला की एक पंख रेखीव व दुसरा धुक्यात, अशी गत होते. हा मेळ आमच्या स्नेह्यांनी फार उत्तम साधला आहे. सहस्रकुंडाच्या खालच्या बाजूस, नदी आटून नुसती डबकी उरली असता, ओल्या वाळूवर बसलेल्या पिवळट पांढऱ्या फुलपाखरांच्या थव्याचे एक चित्र आहे. इंग्रजी ग्रंथांतून या जातीस ‘कॉमन एमिग्रंट’ म्हणतात. त्या चित्रात प्रत्येकाची सोंड वाळूत रोवलेली स्पष्ट दिसते. ही मंडळी तेथे केवळ तहान भागवावयास येत नाहीत. ओल्या मातीतील क्षार शोषून घेणे हा त्यांचा उद्योग असतो; असा थवा बहुतांशी नरांचाच असतो, आणि हा क्षार पुढे मीलनसमयी मादीस पोचतो. हे ज्यास ठाऊक नाही त्यासही ते चित्र पाहून येथे काही महत्त्वाचे कार्य चालले आहे असे वाटल्यावाचून राहणार नाही. संग्रहातील उत्तम चित्रांत आम्ही ते गणतो.

परंतु उरलेल्या चित्रांपैकी बहुतेकांविषयी आमचे मत इतके अनुकूल नाही. त्यांची ठेवण एकच आहे. मध्यभागी फुलपाखरू, पंख उलगडलेले, अंगावरचा केस न् केस मोजून घ्यावा इतके रेखीव. आणि त्याच्या मागे एक गुळगुळीत हिरवा पडदा. पान नाही, काडी नाही, माती नाही. अशी वीस-पंचवीस चित्रे ओळीने पाहिल्यावर आम्ही सहज विचारले, “वैशाखात किनवटला इतके हिरवे कोठे सापडले?” स्नेही मोकळ्या मनाचे. ते हसून म्हणाले की मागचा रंग मुळात तपकिरीच होता. संगणकावर तो किंचित हिरवा करून घेतला, कारण तपकिरीवर पाखरू खुलत नाही.

ही कबुली आम्हांस मोठी मोलाची वाटली, कारण दोषाचे मूळ तिच्यात आहे. वैशाखातील सागवान निष्पर्ण असते. उभ्या रानात सावली अशी नसते. पायाखाली सागाच्या मोठमोठ्या वाळक्या पानांचा पापडासारखा चुरा वाजत असतो. ओल व छाया उरते ती ओढ्याच्या अंगाने, उंबर, करंज, जांभूळ यांच्या आश्रयास. अशा मुलखात, अशा ऋतूत फुलपाखरू जगते तरी कसे, हेच तर पाहणाराचे खरे कुतूहल. त्याऐवजी चित्रकार आम्हांस कोठल्याही बागेतले, कोठल्याही महिन्यातले एक सुरेख पाखरू देतो. मग नायगावाहून एवढी पायपीट करण्याचे प्रयोजन काय?

या आवडीची वंशावळ शोधू गेल्यास ती फार मागे जाते. इव्हान्स यांचा भारतीय फुलपाखरे ओळखण्याविषयीचा ग्रंथ १९२७ मध्ये निघाला. विंटर-ब्लाइद यांचा ग्रंथ मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील चित्रपट्टांवर फुलपाखरे मांडलेली आहेत ती टाचणी टोचून पंख ताणलेल्या नमुन्यांप्रमाणे, आणि जाती ओळखण्याच्या कामी ती मांडणी अगदी रास्त होती. पुढे आयझॅक किहीमकर यांच्या २००८ मधील ग्रंथाने जिवंत फुलपाखरांची रंगीत छायाचित्रे घरोघर पोचविली, आणि आज खेड्यापाड्यांतून कॅमेरा घेऊन हिंडणारी जी तरुण पिढी दिसते तिच्या घडणीत त्या ग्रंथाचा वाटा थोडका नाही. परंतु टाचणी गेली तरी टाचणीची दृष्टी पुरती गेलेली नाही. पंख ताणून सपाट दाखवावयाचे, भोवतालचे सर्व पुसून टाकावयाचे, ही संग्रहालयाच्या पेटीतील रीत हौशी कॅमेऱ्याने नकळत उचलली. जाती ओळखून झाली, तरी त्या जिवाचे जिणे ओळखावयाचे राहूनच जाते.

आमच्या भाषेनेही या कामी थोडी फसवणूक केली आहे असे वाटते. ‘फुलपाखरू’ या शब्दातच आपण त्या जिवास फुलावर नेऊन बसविले. ग. ह. पाटील यांची बालकविता लहानपणी पाठ केलेल्या पिढ्यांच्या मनात तर हे नाते पक्के मुरलेले आहे. कवितेस आमचा काडीमात्र आक्षेप नाही. परंतु उन्हाळी रानातील कित्येक फुलपाखरे फुलाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. कोणी ओल्या वाळूवर, कोणी शेणावर, कोणी सालीतून पाझरणाऱ्या चिकावर, तर कोणी झाडाखाली पडून आंबलेल्या टेंभुर्णीच्या फळावर गुजराण करतात. बहाव्याचे झाड या दिवसांत पिवळ्या घोसांनी लवलेले असते व छायाचित्रकार त्या घोसांवर टपून बसतो. पण वर सांगितलेल्या एमिग्रंटाची मादी त्या झाडाकडे येते ती अंडी घालण्यासाठी त्याची कोवळी पालवी शोधीत. संग्रहात बहाव्याची चार चित्रे आहेत, चारही फुलांची. पालवीचे एकही नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. संग्रह पाहून झाल्यावर टेबलाच्या कोपऱ्यात एक जुने पाकीट दिसले. त्यावर ‘वाया गेलेली’ असे लिहिले होते. परवानगी घेऊन ते उघडले. आतील पाच-सात चित्रे खरोखरच वाया गेलेली होती. परंतु एकाजवळ आमचा हात थांबला. ओढ्याकाठची सावली, सागाची व जांभळाची वाळकी पाने, एक मोडकी काटकी, मुंग्यांची ओळ. बस. फुलपाखरू कोठे आहे हे आम्हांस दिसेना. स्नेह्यांनी बोट ठेवले तेव्हा कळले की डाव्या बाजूचे जे तिसरे पान, ते पान नव्हेच. कडेस एक लहान टोक पुढे आलेले, वाळक्या पानावर असतात तसे बुरशीसारखे ठिपके, मिटलेल्या पंखांवरून आडवी गेलेली एक फिकट रेघ, जणू पानाची शीर. हे ‘कॉमन ईव्हनिंग ब्राउन’ नावाचे फुलपाखरू. ते दिवसभर पाचोळ्यात पडून राहते, पायाशी आले तर चार हात उडून पुन्हा पाचोळ्यात मिसळते, आणि तिन्हीसांजा झाल्यावर हिंडू लागते.

आमच्या मते संबंध संग्रहातील सर्वोत्कृष्ट चित्र ते हेच, आणि चित्रकाराने तेच टाकून दिले होते.

स्नेह्यांचा युक्तिवाद असा की जे चित्रात दिसतच नाही त्याचे चित्र कसले? पाहणाराने कोडे सोडवीत बसावे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुन्या साहित्यशास्त्रात स्वभावोक्तीविषयी नेमका असाच झगडा झालेला आहे. वस्तूचा जसा स्वभाव तसे वर्णन, यास दंडीने अलंकारांत पहिले स्थान दिले. कुंतकाने उलट म्हटले की स्वभाव हे तर सजवावयाचे शरीर, तोच अलंकार कसा होईल? आमचे स्नेही, त्यांस ठाऊक नसले तरी, कुंतकाच्या पक्षाचे आहेत. परंतु प्रस्तुत उदाहरणात एक चमत्कार आहे. लपणे हाच या फुलपाखराचा स्वभाव. त्यास हिरव्या पडद्यापुढे उचलून ठेवले की दिसतो तो एक मळकट, ओबडधोबड, तपकिरी तुकडा. त्याचे सारे सौंदर्य शेजारच्या पानाशी असलेल्या साम्यात आहे, आणि ते शेजारचे पानच आपण पुसून टाकलेले असते. सुमात्रातील पर्णसदृश फुलपाखराचे वॉलेस यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेले वर्णन जगभर गाजले, ते ते पाखरू सुंदर म्हणून जितके, तितकेच ते झुडपात शिरताच नाहीसे होते म्हणून.

शिवाय या चित्रात ऋतू आहे. हेच ईव्हनिंग ब्राउन पावसाळ्यात पाहावे तर ओळखू येत नाही. तेव्हा मिटलेल्या पंखांवर कडेने डोळ्यांसारख्या वर्तुळांची ओळ उमटलेली असते. हिरवळ माजली की वाळक्या पानाचे सोंग निरुपयोगी. मग हे खोटे डोळे शत्रूची चोच शरीरावरून पंखाच्या कडेकडे वळवितात. ही दोन रूपे इतकी भिन्न की पंडितही चकले. लिनीयसने १७५८ मध्ये या जातीस ‘लेडा’ नाव दिले, तर क्रॅमरने १७७५ मध्ये तिच्याच कोरड्या ऋतूतील रूपास निराळी जात समजून ‘इस्मेनी’ म्हटले. ‘पीकॉक पॅन्सी’च्या बाबतीत तर खुद्द लिनीयसनेच एका फुलपाखरास ‘अल्माना’ आणि ‘ॲस्टेरी’ अशी दोन नावे देऊन ठेवली. कलकत्त्यास द निसेव्हिल यांनी अंड्यांपासून पिढ्या वाढवून या वर्गातील ऋतुभेदाचा छडा लावू पाहिला व १८८६ मध्ये ते प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे हा गोंधळ निवळू लागला. अळी व कोश यांच्या अवस्थेत लाभणारे उष्णमान आणि त्यासारख्या गोष्टींवर पुढचे रूप ठरते, हे आता सर्वमान्य आहे.

म्हणून आमची दुसरी तक्रार. संग्रहातील एकाही चित्राखाली तिथी नाही. जातीचे नाव आहे, कॅमेऱ्याचे व भिंगाचे नाव आहे, पण दिवस व ठिकाण नाही. ज्या जिवाचे रूप ऋतूबरोबर पालटते, त्याचे तिथीवाचून चित्र म्हणजे तारखेवाचून पत्र. ही केवळ शास्त्रज्ञांची पिरपीर नव्हे. पाहणारा रसिकही महिना कळल्यावाचून त्या रंगांचा अर्थ लावू शकत नाही.

साधनांविषयी एक शब्द. फुलपाखरू हलू नये म्हणून त्यास शीतपेटीत गारठवून मग मनाजोगत्या फुलावर बसविण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. आमच्या स्नेह्यांनी तसे कधी केलेले नाही, हे त्यांच्या सांगण्यावरूनच नव्हे तर चित्रांवरूनही कळते. ईव्हनिंग ब्राउन तर या लबाडीची गरजच ठेवीत नाही. ते आपणहून स्थिर बसते. चित्रकाराने दोन पावले मागे सरावे, छिद्र बारीक करून पाने व पाखरू दोहोंस स्पष्टता द्यावी, आणि सावलीत प्रकाश अपुरा पडतो म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवून सावकाश चित्र घ्यावे. चपळ पाखराच्या बाबतीत जे अशक्य ते येथे सहजसाध्य आहे. टाकून दिलेले ते चित्र नेमके असेच घेतलेले होते. म्हणजे हाताने जे अचूक केले ते डोळ्याने नाकारले.

२०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘ब्लू मॉरमॉन’ अथवा राणी पाकोळी हिला राज्यफुलपाखराचा मान दिल्यापासून हौशी मंडळींच्या उत्साहास भरते आले आहे, ही आनंदाची गोष्ट. परंतु त्या निळ्या-काळ्या राणीचे वैभव सह्याद्रीच्या ओलसर रानात पाहावे. मराठवाड्याच्या वैशाखाने तिची बरोबरी करू जाणे व्यर्थ. त्याचे धन निराळे आहे, आणि ते पाचोळ्याच्या रंगाचे आहे.

निघताना आम्ही स्नेह्यांना एवढीच विनंती केली की ते चित्र पाकिटातून काढून पुठ्ठ्यावर लावावे आणि खाली तिथी लिहावी. शेजारची जागा मोकळी ठेवावी. ईव्हनिंग ब्राउनची अळी गवतावर व भातावर वाढते; तेव्हा श्रावणात किनवटची वाट धरावयाचे कारण नाही. नायगावाबाहेर ओढ्याकाठी गवत वाढले म्हणजे एखाद्या संध्याकाळी डोळ्यांची ओळ मिरविणारे तेच फुलपाखरू तेथेही भेटण्याचा संभव आहे. त्यांनी होकार दिला नाही. चित्र मात्र पाकिटात परत ठेवले नाही. टेबलावरच राहू दिले, आणि आम्ही चपला घालीत असता ते चष्मा वर करून त्यातील मुंग्यांची ओळ न्याहाळीत होते.