विटाळ, पदर आणि ‘मी’

मराठीत ‘विटाळ’ या एकाच शब्दाने दोन वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी सांगितल्या जातात. अस्पृश्याच्या स्पर्शाने होतो तो विटाळ, आणि स्त्रीला दर महिन्याला येतो तोही विटाळच. महाड तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी लष्करातून निवृत्त झाल्यावर १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले, तेव्हा त्यांना अर्थातच पहिला विटाळ अभिप्रेत होता. त्यांच्या आधी काही शतके चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिने मात्र देह विटाळातूनच घडतो, तेव्हा सोवळा कोण, असा प्रश्न विचारून दोन्ही अर्थ एका ठिकाणी आणले होते. या दोन टोकांमध्ये एक अडचण आहे आणि ती केवळ शब्दार्थाची नाही. ज्या घराला गावाने विटाळ मानले, त्या घरातही पाळी आलेली स्त्री बाजूला बसतच होती. गावकुसाबाहेरच्या घरात तिच्यासाठी आणखी एक ‘बाहेर’ होते. दलित अस्मितेचे बहुतेक विवेचन गावाच्या कुसापाशी थांबते. घरातल्या उंबऱ्यापर्यंत ते क्वचितच येते.

महाडची १९२७ ची घटना या दृष्टीने पुन्हा वाचावी लागते. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. २५ डिसेंबरला, दुसऱ्या परिषदेत, मनुस्मृतीचे दहन झाले. बाल्यात पिता, तारुण्यात पती आणि वार्धक्यात पुत्र अशी स्त्रीच्या आयुष्याची वाटणी करणारा हा ग्रंथ. परंतु दहनाची चर्चा करताना शूद्रांसंबंधीची वचने जितकी उद्धृत होतात तितकी स्त्रियांसंबंधीची होत नाहीत. परिषदेच्या अखेरीस डॉ. आंबेडकरांनी महाडातच स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले. हे भाषण आज चरित्रग्रंथांतून वाचावयास मिळते. ते बहुधा सुधारणेचा उपदेश म्हणून वाचले जाते, आणि त्यामुळेच त्यातील युक्तिवादाचा गुंता नजरेआड होतो.

भाषणाचा एक धागा उदराचा आहे. ब्राह्मण स्त्रीच्या पोटी जन्मलेल्याला मान आणि तुमच्या पोटी जन्मलेल्याला अवमान, हे असे का, असे श्रोत्यांना विचारले आहे. येथे स्त्री आई म्हणून, म्हणजे कुटुंबातील स्थानावरूनच संबोधिली आहे, हे खरे. पण त्याच वेळी जात ही पुरुषाच्या पिंडातून नव्हे तर स्त्रीच्या कुशीतून चालू राहते, म्हणून तिचा प्रश्न प्रथम स्त्रीचा आहे, असे त्यातून निघते. पुढचा धागा स्वयंपाकघराचा: मृत जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. वाढणे हे गृहिणीचे काम. न वाढण्याचा अधिकार तिला कोणत्या स्मृतीने दिला होता? पती आणि पुत्र यांच्या अंकित राहावयास सांगणारा ग्रंथ नुकताच जाळला होता. आता त्याच दोघांपुढचे ताट मागे घ्यावयास सांगितले जात होते. भूमिका कुटुंबातीलच राहते, पण तिच्यातील आज्ञाधारकता काढून घेतली जाते. ‘आदर्श माता’ घडविणाऱ्या तत्कालीन पांढरपेशा सुधारणावादापासून हे भाषण येथे वेगळे होते.

तिसरा धागा लुगड्याचा, आणि तो सर्वांत अवघड. अस्पृश्य स्त्रियांनी लुगडे आखूड नेसावे, दागिने हलक्या धातूचे घालावेत, ही रूढी म्हणजे अंगावर कोरलेली जातीची खूण होती. ती टाका, स्पृश्य स्त्रियांसारखे नेसा, लुगडे ठिगळांचे असले तरी स्वच्छ असू द्या, असे सांगण्यात आले. स्त्रियांनी तेथल्या तेथे नेसण्याची रीत बदलली आणि त्या कामी चळवळीशी संबंधित कायस्थ कुटुंबांतील स्त्रियांनी मदत केली, असे सांगितले जाते. चिन्हव्यवस्थेच्या भाषेत बोलायचे तर येथे एक चिन्ह पुसले गेले, परंतु कोरी जागा उरली नाही. घोट्यापर्यंतचे नेसणे हेही चिन्हच होते. ते वरच्या जातीच्या कुलीन, मर्यादशील स्त्रीचे होते. त्या मर्यादेची किंमत वरच्या जातींतील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या मोजत होत्या. म्हणून हे केवळ अनुकरण होते असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. ज्या बाईला अंग झाकण्याची मुभाच नव्हती, तिच्या दृष्टीने पदर हे बंधन होण्याआधी हक्क होता. स्त्रीवादी समीक्षेतील पदराची चर्चा हा क्रम सहसा लक्षात घेत नाही. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रिया वेगळे बोलतात असे मांडले आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्या वेगळेपणाची चिकित्सा करून दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी केली, तिची निकड अशा जागी जाणवते. वृत्तांतात स्त्रियांचे बोलणे मात्र फारसे नाही. उरले आहे ते त्यांचे नेसणे.

पुरुषाची अस्मिता याच खोऱ्यात कशी घडविली गेली, हे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. महाडहून दक्षिणेस गेले की पोलादपूर, आणि त्या तालुक्यात तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ. पोवाड्याने रूढ केलेल्या कथेत मुलाचे लग्न बाजूला ठेवून तानाजी कोंढाण्यावर जातो. पुरुष कुटुंब मागे सारतो आणि नाव मिळवितो. ज्या घरात लग्नाची तयारी थांबली त्या घरातील स्त्रीचे काय झाले, हे विचारण्याचे पोवाड्याला कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्याची कथाही याच साच्यात बसते, फक्त गडाऐवजी तेथे खाते असते.

महाड परिषदेच्या मूळ प्रेरकांपैकी एक, लाडवलीत १९०३ मध्ये जन्मलेले आर. बी. मोरे यांचे चरित्र या संदर्भात रचनेच्या अंगानेही बोलके आहे. मोऱ्यांचे आत्मकथन अपुरे राहिले. त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी चरित्र लिहून ते पूर्णत्वास नेले आणि पुस्तक २००३ मध्ये आले. पित्याचा ‘मी’ पुत्राच्या निवेदनात चालू राहतो. शाळेच्या दारावर अडविलेला मुलगा, संघटक, पुढे कम्युनिस्ट, अशी ही सलग रेषा कोणाला खंडित करावी लागत नाही.

स्त्रियांच्या आत्मकथनांत अशी रेषा आढळत नाही. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ (१९८६) वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले होते; पुस्तकात मात्र त्या स्वतःविषयी फार थोडे सांगतात, सांगतात ते समाजाविषयी. त्यांचे ‘आमुचं’ हे समूहभान आहे, हे समीक्षकांनी वारंवार सांगितले. ते आडोसाही असू शकते, हे तितकेसे सांगितले गेलेले नाही. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’त ‘माज्या’ शीर्षकातच आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या शीर्षकातला ‘ही’ हा एका अक्षराचा प्रत्यय तर साऱ्या चळवळीच्या इतिहासलेखनावरील आक्षेप आहे. एखाद्या पुरुषाला आपल्या पुस्तकाच्या नावात असा ‘ही’ घालावा लागला असता काय?

उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ मोऱ्यांच्या पुस्तकाच्याच वर्षी, २००३ मध्ये, प्रसिद्ध झाले. शीर्षकात सर्वनाम नाही. आहे ती बांबूची विणलेली वस्तू. रत्नागिरीकडील गावातून डोंगर तुडवीत बाजाराला जाणाऱ्या बायांपासून निवेदन सुरू होते. वडील शिक्षक, मुलांनी शिकावे असा त्यांचा आग्रह. त्यांच्या पश्चात घर चालते ते आईच्या विणण्यावर. लेखिका आपल्या लिहिण्याचे नाते या विणण्याशी जोडते. शिकण्याची आज्ञा पित्याची असली, तरी लिहिण्याचा वारसा तिने आईकडून घेतला आहे. महाडच्या भाषणात आई उदरावरून ओळखली गेली. येथे ती हातावरून ओळखली जाते. बाहेर कार्यकर्ती, लेखिका झालेल्या स्त्रीने घरी आधी संसार पाहावा, ही नवऱ्याची अपेक्षाही ‘आयदान’ लपवीत नाही, आणि तो नवरा त्याच चळवळीच्या परंपरेतील आहे, हेही नाही. काही वाचकांना त्यात घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडल्याचा दोष दिसतो. मग वलंगकरांनी विध्वंस करावयाचा विटाळ तरी कोठे होता? तो तळ्यावर होता तसा उंबऱ्याच्या आतही होता. आतल्या विटाळाची नोंद ज्यांनी केली, त्यांच्या पुस्तकांना ‘दलित’ आणि ‘स्त्रीवादी’ अशा दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवण्याची विद्यापीठीय सवय अजून गेलेली नाही. ‘आयदान’ तेवढे कधी या फळीवर, कधी त्या फळीवर सापडते.