तळघर आणि चोरलेली जात

दस्तएवस्कीच्या १८६४ च्या कादंबरीतील तळघरातला माणूस आणि बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेचा नायक, या दोघांस समीक्षक ‘परात्म’ या एकाच सदरात बसवितात. आम्हांस हे मान्य नाही. पहिल्याने सहा हजार रूबलांचा वारसा मिळताच नोकरी सोडली आणि दार स्वतःच लावून घेतले. सेवेला मोलकरीण आहेच. पाली साहित्यात मानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: मी श्रेष्ठ, मी समान, मी हीन. हीनमान हाही मानच, आणि तळघरातला माणूस तोच कुरवाळीत बसतो.

बागुलांचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी आला आहे. त्याला राहावयास खोली हवी. जात उघड होताच मार पडतो. ‘मी हीन’ हा विचार त्याचा नव्हेच. त्याला मानत्यागाचा उपदेश करणे म्हणजे मारणाऱ्यास मोकळे सोडणे होय (आमच्यातीलही काही उपदेशक हेच करतात). बागुल नाशिकजवळील विहितगावचे, जन्म १९३० चा. त्याच वर्षी २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. त्यांची भाषा कोठे कोठे भाषणाकडे झुकते, हे मात्र नाकारता येत नाही.