मोजलेली मंदी आणि न मोजलेली मंदी

चिंचपाड्यात बसून जर्मनीवर बोलायचं, हे काहींना विचित्र वाटेल. पण मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्यानं सहज म्हटलं, "सर, जर्मनीत मंदी आली म्हणून हिटलर आला." आज मला या एकाच वाक्याची तपासणी करायची आहे. तरुणपणी मी स्वतःही ते वर्गात अनेकदा उच्चारलं आहे, तेव्हा ही थोडी माझीही उलटतपासणी समजा.

पहिला घोटाळा काळाचा. मंदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नोटांनी भरलेली ढकलगाडी येते. ती मंदी नव्हे. ती १९२३ ची महागाई, एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क! त्या नोव्हेंबरात म्युनिकला हिटलरचा उठाव फसला आणि तो तुरुंगात गेला. १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला २.६ टक्के मतं होती. मंदी नंतर आली आणि ती उलट्या दिशेची, म्हणजे भाव कोसळण्याची. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के, जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांच्या वर. आकडे पाहिले की कार्यकारणभाव पक्का वाटतो, नाही का?

थांबा. १९३२ च्या सुरुवातीला तिथे नोंदलेले बेकारच ६० लाखांच्या वर होते. मग बेकारांनी हिटलरला आणलं? अभ्यासकांनी मतदान तपासलं तर दिसतं की बेकार कामगार मोठ्या संख्येनं कम्युनिस्टांकडे गेला. नाझी मतांचे मोठे साठे होते प्रोटेस्टंट खेड्यांत आणि लहान गावांत. श्लेस्विग-होल्स्टाइन हा उत्तरेकडचा शेतीचा, गुराढोरांचा प्रांत. तिथे जुलै १९३२ मध्ये नाझींना ५१ टक्के मतं पडली. तिथल्या शेतकऱ्याची नोकरी गेली नव्हती, त्याला नोकरीच नव्हती! त्याच्या मालाचा भाव पडला होता, कर्ज मात्र होतं तेवढंच होतं, आणि दारात लिलाव उभा होता. वर बर्लिनमध्ये चॅन्सेलर ब्रूनिंग वटहुकमांनी पगार कापत होते, खर्च कापत होते. चलन मजबूत ठेवायचं, माणूस वाकला तरी चालेल.

आता इथून आपल्याकडे येणं सोपं आहे. कर्ज तेवढंच आणि भाव निम्मा, म्हणजे कर्ज दुप्पट. हे गणित श्लेस्विगला लागू होतं तसंच खानदेशालाही. तापी व्हॅली रेल्वे, जिच्यावर आपलं हे स्टेशन आहे, तिनं इथली कपाशी जगाच्या बाजाराला बांधली. १९२९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत देशातल्या शेतमालाचे भाव निम्म्याच्या आसपास उतरले. शेतसारा मात्र रोखीत आणि ठरलेला. सरकारनं १९२७ च्या कायद्यानं रुपया १८ पेन्सांवर बांधून ठेवला होता. मुंबईचे व्यापारी १६ मागत होते, कारण रुपया महाग झाला की बाहेर माल विकणाऱ्याच्या हातात रुपये कमी पडतात. म्हणजे आमच्याकडेही एक ब्रूनिंग होता, फक्त तो दिल्ली आणि लंडनमध्ये विभागलेला होता.

पुस्तकांत लिहिलेलं असतं की १९३१ पासून हिंदुस्थानातून सोनं बाहेर गेलं, अडलेल्या शेतकऱ्यानं दागिने विकले. खरं आहे. पण ते आपल्या डोंगरातलं वर्णन नाही. भिल्ल, मावची, कोकणी बाईच्या अंगावर सोनं कुठलं? कडी, साखळ्या सगळं चांदीचं. आणि त्याच वर्षांत जगाच्या बाजारात चांदीचाही भाव घसरला होता. तिची ठेव गहाण पडण्याआधीच हलकी झाली होती. याचं दुःख मला सोन्याच्या त्या प्रसिद्ध आकड्यांपेक्षा मोठं वाटतं.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. मंदीचे परिणाम मोजायची आपली फूटपट्टी जर्मनीची आहे: बेकार किती? इथे त्या फूटपट्टीनं काहीच सापडत नाही. कारण सालदार बेकार होत नाही, तो आणखी एक साल बांधला जातो. खावटीसाठी धान्य उचलायचं, फेडताना दीडपट-दुप्पट द्यायचं, नाही जमलं तर राबायचं. त्याचं काम जात नाही, त्याचं 'नाही' म्हणणं जातं. जर्मनीत १९२७ चा बेकारी विम्याचा कायदा होता, म्हणून रांग होती, रांगेतलं डोकं मोजता येत होतं. आमच्या माणसाची रांगच नव्हती. नवापूर, तळोदा, अक्राणी हा भाग 'अंशतः वगळलेला' मुलूख. तिथे सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याचा अहवाल झाला तोही मुंबईत खेर मंत्रिमंडळ आल्यावर, १९३७ नंतर. कर्ज, वेठ, जमिनी जाणं हे सगळं त्यात आहे. पण तोवर मंदीचा जोर ओसरला होता.

मग इथे हिटलर का आला नाही? आम्ही मुळातच सहिष्णू, असं उत्तर मी ऐकतो. मला ते आळशी वाटतं. साधी गोष्ट बघा: मुंबई प्रांतात मताचा हक्क मुख्यतः मालमत्तेवर आणि शेतसाऱ्यावर होता. सालदाराला वाटलं असतं तरी त्याला कुणाला निवडून देता आलं नसतं. डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यातलं पहिलं. नेहरू अध्यक्ष होते. शेतकऱ्याच्या कर्जाचा, साऱ्याचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला, आणि १९३९ मध्ये प्रांतात शेतकरी कर्जनिवारणाचा कायदाही झाला. गाऱ्हाणं ऐकणारं कुणीतरी होतं. पण त्या मंडपात सातबाऱ्यावर नाव असलेला जास्त होता की सालदार, हा प्रश्न मी सोडणार नाही.

तळोद्याकडे मोरवडला त्याच काळात गुलाम महाराजांनी हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली. माझा मोह असा होतो की म्हणावं, मंदी आली म्हणून गुलाम महाराज आले. पण तसं म्हटलं तर मी त्या विद्यार्थ्याचंच वाक्य गाव बदलून म्हटलं! दारू सोडण्यात दुकानदाराची उधारी तुटते हे खरं. माणसाची इज्जत हा त्यातला वेगळा धागा आहे, तो अर्थशास्त्रातून निघत नाही.

तर तुमच्या घरी जुने फेरफार उतारे असतील. १९३० ते १९३८ मधल्या नोंदी काढा. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, कशासाठी, किती रुपयांना, एवढं वहीत उतरवून पुढच्या वेळी घेऊन या. मोडी असेल तर वाचून देणारे एक-दोघे आपल्यात आहेत. आता प्रश्न विचारा.